वजा केलेला आवाज

मी बोलतो. म्हणजे बोलण्याचाच धंदा आहे माझा. लग्न, बारसं, गौरव समारंभ, दिवाळी पहाट, कुणाची तरी पंच्याहत्तरी, पुण्यात कुठेही माईक दिसला की त्याच्यामागे हेरंब दिघे असणार, असं लोक गमतीने म्हणतात. यंत्रं हुबेहूब माणसासारखी बोलायला लागून आता बरीच वर्षं झाली, पण मग आमंत्रणपत्रिकेवर 'निवेदन प्रत्यक्ष माणसाचे' असं छापायची टूम निघाली आणि माझं उखळ पांढरं झालं. 'तुमचा आवाज ऐकला की मन कसं शांत होतं हो,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

घरी मात्र शांतता नव्हती. आमची शाल्मली, शालू, सात वर्षांची. बोलते अगदी मोजकं, ऐकते मात्र नको तितकं. डॉक्टर खरे मॅडमनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं होतं, की आपल्या सगळ्यांच्या मेंदूत आवाजांसाठी एक चाळण असते. पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही हे सगळं ती वरच्या वर अडवते, म्हणून आपण त्यात निवांत जगतो. शालूच्या चाळणीची भोकं मोठी आहेत, पण सगळ्याच आवाजांना नाहीत, काही ठरावीक आवाजांना. तो आवाज आत घुसला की तिला तो दुखतो, अगदी भाजल्यासारखा दुखतो. मग ती मनगट चावते, डोकं आपटते, आणि शेवटी बाथरूममध्ये जाऊन दार लावून उलट्या बादलीवर बसते. हल्ली ती जेवायचीही तिथेच.

कुठला आवाज? तेच तर कळत नव्हतं. कुकर काढून टाकला, वरण-भात पातेल्यात शिजायला लागला. मिक्सर शेजाऱ्यांना देऊन टाकला. रस्त्याकडचा फ्लॅट विकून मागच्या गल्लीत राहायला गेलो. काही उपयोग नाही. फक्त माझ्या मेव्हण्याकडे, देवरुखला, आईबरोबर गेली की ही पोरगी ओटीवर बसून फणसाचे गरे खायची आणि रात्रभर झोपायची. "कोकणातली हवाच तशी," मी सगळ्यांना सांगायचो. शेवटी ऋजुता, माझी बायको, एक दिवस म्हणाली, "हेरंब, कारण सापडलं नाही तर जूनपासून मी तिला घेऊन देवरुखलाच राहणार. बादलीवर नाही वाढवायचं मला तिला." भांडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून मी हादरलो.

मग डॉक्टरांनी 'कानोसा' दिला. कपाळावरून कानांमागे जाणारी मऊ कापडी पट्टी आणि कानात बसणारी दोन इवलीशी बोंडं. पट्टी मेंदूतल्या लहरी आणि कातडीचा घाम टिपते, भोवतीचे सगळे आवाज सुटे करते, आणि कुठल्या आवाजाला मेंदू कळवळतो ते हुडकून काढते. एकदा तो आवाज सापडला की बोंडं तेवढाच वजा करतात. बाकी जग जसंच्या तसं ऐकू येतं. अडचण एवढीच, की शहरात सगळे आवाज एकमेकांत कालवलेले असतात. आमटी उकळल्यावर त्यातलं मीठ वेगळं काढा म्हटलं तर कसं काढणार? "एखाद्या निवांत जागी न्या," डॉक्टर म्हणाल्या, "जिथे आवाज एकेकटे येतात."

मी म्हटलं, खाणतळं!

शहराच्या पूर्वेला जुन्या दगडखाणी आहेत. दगड संपले, खड्ड्यांत पाणी साचलं, कडेने पाणकणीस माजलं, पक्षी आले, आणि आता तिथे मस्त राखीव रान झालंय. पाण्यावरून लाकडी वाट जाते आणि थांब्याथांब्यावर बोलक्या पेट्या आहेत. जवळ गेलं की पेटी त्या जागेची माहिती सांगते. आणि त्या सगळ्या पेट्यांतला आवाज कुणाचा? तुम्हाला कळलंच असेल. मला लेकीला कधीपासून तो ऐकवायचा होता.

बुधवारी सकाळी तिथे शांतवेळ असते, शालूसारख्या मुलांसाठी. त्या वेळात हिरवी फीत लावलेलं कुटुंब इतरांना आवाज कमी करायला सांगू शकतं, आणि पेट्याही बंद असतात. दारावर वनरक्षक बाईंनी फीत दिली आणि पेट्या बंद केल्यात म्हणून सांगितलं.

"अहो, चालू ठेवा की! माझाच आवाज आहे तो," मी म्हणालो. "मुलीला बापाचा आवाज नाही चालणार तर कुणाचा चालणार?"

बाई हसल्या. "अय्या, ते तुम्ही?" म्हणाल्या आणि पेट्या चालू केल्या. ऋजुताने माझ्याकडे पाहिलं आणि शालूचा हात धरून ती पुढे निघाली.

पहिल्या थांब्यापर्यंत शालू कानोसा लावून मजेत चालली. वाऱ्याने पाणकणीस सळसळत होतं, तिने एक पातं गालावरून फिरवून घेतलं. मग पेटी बोलली, "नमस्कार, निसर्गप्रेमींनो!" आणि पोरगी मटकन खाली बसली, मनगट तोंडात. मी लगेच तिच्याशेजारी बसून पाठीवर हात फिरवायला लागलो. "काही नाही हं बाळा, चांदवे आहेत ते, काळे पक्षी, कपाळ बघ कसं पांढरं, ओरडतात जरा, घाबरायचं नाही, बाबा आहे ना इथे..." ती आणखीच आकसली.

"चांदव्यांचा त्रास होतोय," मी ऋजुताला म्हणालो.

दुसऱ्या थांब्यावरही तेच. तिथे कमळपक्षी होते, मी दोष त्यांना दिला. मग ऋजुता शालूला उचलून पुढे निघून गेली. मी मात्र थोडा मागे राहिलो. कमळपक्ष्यावरचं माझं निवेदन फार छान जमलंय, ते पुरतं ऐकून मग निघालो, हे आता सांगायलाही जीभ रेटत नाही.

वाटेच्या शेवटी बांबूचा आडोसा आहे. आत एक बाक, समोर पक्षी बघायला फट. मी पोचलो तर ऋजुता बाहेर येत होती, चेहरा उजळलेला. "छान बसलीय ती," ती कुजबुजली. "पाण्याची बाटली गाडीत राहिली, मी घेऊन येते. तू फक्त जवळ बस."

आत एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या हातात काठी, आजीबाईंच्या मांडीवर पोह्यांचा डबा. आजोबांना दम्याचा त्रास असावा, श्वासाबरोबर छातीतून बारीक शीळ वाजत होती. त्यांच्या पायांशी, जमिनीवर शालू बसली होती, फटीतून पाण्याकडे बघत. मनगट तोंडात नव्हतं. मी शेजारी टेकलो आणि अगदी हळू आवाजात सुरुवात केली, "ती बघ टिबुकली, आता बुडी मारेल हं, तो आवाज आला ना डुबुक, तो..." शालूने दोन्ही कानांवर हात दाबले आणि डोकं बाकाच्या पायावर आपटलं.

माझं डोकं फिरलं. इतके दिवस साठलेलं सगळं त्या क्षणी त्या शिळेवर जाऊन बसलं.

"आजोबा," मी हिरवी फीत दाखवली, "माफ करा, पण तुमच्या श्वासाचा आवाज येतोय. मुलीला त्रास होतो. जरा बाहेर बसाल का?"

ते गोंधळले. "श्वास? तो... तो काय करू मी, बंद होत नाही हो," असं म्हणून ते कसनुसं हसले. आजीबाई हसल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण आवाज न करता लावलं, नवऱ्याला हात देऊन उठवलं आणि दोघं उन्हात निघून गेली. आडोशाबाहेर बसायला जागा नव्हती, नुसती वाट होती, आणि ते मला ठाऊक होतं.

"गेला हं आवाज," मी शालूला म्हणालो. "बाबाने घालवला." ती डोकं आपटतच राहिली.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. कानोशाचं उत्तर आलं होतं.

पडद्यावर एकेका आवाजाचा ठिपका होता. वारा हिरवा, चांदवे हिरवे, टिबुकली हिरवी. म्हाताऱ्याचा श्वास निळा. निळा म्हणजे नुसता चालणारा नाही, हवासा वाटणारा. घरी आधी टिपलेले ठिपकेही यंत्राने नव्याने मांडले होते. शेजारचा कुकर हिरवा, मिक्सर हिरवा, रस्त्यावरचे हॉर्न हिरवे. आणि मधोमध एकच लाल. त्याखाली मीच पहिल्या दिवशी भरलेलं नाव होतं, 'बाबा'.

मी ते उत्तर परत परत वाचलं. यंत्राने कारणही दिलं होतं. आजवर हा आवाज कधी एकटा आलाच नव्हता, आज पेट्यांमुळे तो पहिल्यांदा सुटा मिळाला. खरंच होतं ते. कुकरची शिट्टी झाली की मी धावायचो, "कुकर आहे हं बाळा, घाबरायचं नाही." हॉर्न वाजला की मी, मिक्सर लागला की मी. प्रत्येक आवाजाला मी चिकटलेलो होतो, आणि शिक्षा मात्र कुकरला झाली होती. देवरुखची हवाबिवा काही नाही. देवरुखला मी नव्हतो, एवढंच.

आणि मग तिचा हात आठवला. शालू लहानपणापासून मी बोलायला लागलो की माझ्या तोंडावर आपला तळवा ठेवते. मी त्याची पापी घ्यायचो आणि पुन्हा बोलायला लागायचो. वर स्टेजवरून सांगायचो, "आमच्या कन्येला बाबाचे शब्द हातात धरून ठेवायचे असतात!" हमखास टाळ्या पडायच्या त्यावर. काही बायका तर डोळे पुसायच्या. पोरगी बिचारी 'गप्प बस' म्हणत होती, तिला येत होतं तेवढ्या भाषेत म्हणत होती, आणि मी त्याचा कार्यक्रम केला. शरमेनं माझं अंग जळायला लागलं. ऋजुता येईल, विचारेल, मग तिला काय सांगणार?

पडद्यावर खाली प्रश्न होता. 'हा आवाज वजा करायचा?'

मी 'हो' दाबलं. विचार केला असं म्हणू नका, मी केला नाही. चोरी झाकायची घाई असते तशी घाई होती ती.

शालूचं डोकं थांबलं. हात कानांवरून उतरले. मी घाबरत घाबरत म्हणालो, "शालू?" तिला पत्ताच नाही. टिबुकलीने बुडी मारली, ते मात्र तिला ऐकू गेलं, ती हसली. मी आणखी जवळ सरकलो, ती दूर झाली नाही. मग काय विचारता! मी बोलतच सुटलो, सॉरी म्हणालो, राणी म्हणालो, टिबुकलीचं सगळं चरित्र सांगितलं, आणि ती माझ्याशेजारी निवांत बसून राहिली. मला आनंद झाला. दोन्ही मिळालं होतं ना, लेक पण आणि बोलणं पण.

ऋजुता बाटली घेऊन आली आणि दारातच थबकली. बापाच्या मांडीला गुडघा टेकवून बसलेली शालू तिने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

"सापडलं," मी म्हणालो. "पाणकोंबड्या. त्या जांभळ्या, कर्कश ओरडतात ना, त्याच पट्टीतला आवाज तिला दुखतो. वजा करून टाकला."

इतकं सफाईदार खोटं मी स्टेजवरही कधी बोललो नव्हतो. ऋजुता खालीच बसली आणि रडायला लागली. "पाणकोंबड्या!" ती रडता रडता हसत होती. "अरे देवा, आणि आपण कुकर फेकला! दादाला सांगते, देवरुखचं रद्द. हेरंब, आता काही नको मला." तिने माझा हात घट्ट धरला. तो सोडवून घ्यावा असं मला वाटत होतं, इतकी लाज वाटत होती, पण मी तो तसाच राहू दिला.

"शालू, पाणी," ती म्हणाली. शालूने वळून बाटली घेतली. ऋजुताने डोळे पुसले. "तू हाक मार ना तिला. आता ती तुझ्याकडेही बघेल."

"राहू दे, रमलीय ती."

"एकदाच मार."

मी मारली हाक. शालू पाणी पीत राहिली. "अरे, नीट मार की, तुझा एवढा मोठा गळा," ऋजुता हसली. मी पुन्हा हाक मारली. मग तिने स्वतः हळूच, जवळजवळ श्वासात, "शालू" म्हटलं आणि शालूने लगेच वर पाहिलं.

ऋजुताचं हसू ओसरलं. तिने माझ्या हातातला फोन घेतला. ठिपके पाहिले, खालचं नाव वाचलं. मी आडोशाच्या बांबूंकडे बघत राहिलो.

"पाणकोंबड्या," ती म्हणाली.

"ऋजुता, ऐक. म्हणजे बघ ना, तिलाही त्रास नाही आणि आपल्यालाही..."

"तू तिचे कान कापलेस आणि तुझी जीभ शाबूत ठेवलीस." आवाज चढला नव्हता तिचा. "गप्प बसेन, हे सुचलंच नाही तुला? एवढं साधं?"

"माझं पोट आहे गं त्यावर."

"घरी कोण तिकीट काढून बसलंय, हेरंब?"

तिने फोन परत माझ्या हातात ठेवला.

"आयुष्यभर ती बाप बघणार, तोंड हलवणारा," ती म्हणाली. "कधी खरंच हाक मारायची वेळ आली तर? कधी तिलाच ऐकावंसं वाटलं तर?" ती उठली. "मी त्या पेट्या बंद करायला सांगून येते. तोवर तू बघ, तुला जमतंय का. नाही जमलं तर मी देवरुखला जाते. तुझ्यावर राग म्हणून नाही जात, तिच्यासाठी जाते."

ती गेल्यावर मी पडद्यावरचं 'परत जोडा' शोधलं. अंगठा बराच वेळ वरच राहिला. मग दाबलं, आणि तोंड मिटलं.

तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. अहो, बोलणाऱ्या माणसाला विचारा. समोर खंड्याने सूर मारला, चोचीत मासा लखलखला, आणि 'बघ बघ' हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले. घशात खाज सुटली. शालूने एकदा चोरून माझ्याकडे पाहिलं, खांदे वर चढवून, मार चुकवायला चढवतात तसे. ती माझ्या आवाजाची वाट बघत होती. माझी मुलगी सात वर्षं अशी वाट बघत जगली, हे मला तिथे दिसलं, आणि मला रडूही मोठ्याने येऊन चालणार नव्हतं. आवाज आला नाही. तरी ती थांबली. आणखी थांबली. मग तिचे खांदे हळूहळू उतरले, ती जराशी सरकली आणि पाठ माझ्या कुशीला टेकवून बसली. तिचं सगळं वजन माझ्यावर होतं, हललो असतो तर ती कलंडली असती.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आजोबा आणि आजीबाई दारात उभे. आजोबांची शीळ उन्हात चालून आणखी वाढली होती, पण चेहरा खुललेला होता.

"अहो, मघाशीच आवाज ओळखीचा वाटला होता, आता वनरक्षक बाईंनी सांगितलं! पेटीतले ते तुम्हीच म्हणे?" ते हळूच बोलत होते, शालूकडे बघून. "मला अंधूकच दिसतं हो आता. मी इथे तुमच्या आवाजावर पक्षी बघतो. ही पोह्यांचा डबा घेऊन बसते आणि मी तुम्हाला ऐकतो. आज त्या बाईंनी मध्येच बंद केल्या पेट्या." ते थोडे पुढे झुकले. "एकच वाक्य म्हणा ना. ते टिबुकलीचं. प्रत्यक्ष माणसाच्या तोंडून."

आजवर कुणी माझं असं कौतुक केलं नव्हतं. आणि ज्याने केलं त्याला मी उन्हात उभं केलं होतं, त्याच्या श्वासासाठी, जो माझ्या लेकीला हवासा होता. माफी मागायची होती मला. त्यांना आत बोलवायचं होतं, बसा म्हणायचं होतं, टिबुकलीचं अख्खं निवेदन त्यांच्या पायांशी बसून म्हणायचं होतं. शब्द सगळे तयार होते. शालूची पाठ माझ्या बरगड्यांना टेकलेली होती, आणि कानातली बोंडं आता काहीच अडवत नव्हती.

मी दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. नाही.

आजोबांना माझे जोडलेले हात दिसले की नाही कुणास ठाऊक. "एक वाक्यसुद्धा नाही?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा मान हलवली.

"चला हो," आजीबाई म्हणाल्या. "मघाशी तुमच्या श्वासाची अडचण होती त्यांना, आता तोंडातून शब्द पडत नाही. गळा दिलाय देवाने, पण माज केवढा तो!"

"असू दे गं," आजोबा म्हणाले. "मोठी माणसं असतात."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. काठी टकटक करत लाकडी वाटेवरून लांब गेली, तिच्याबरोबर ती शीळही गेली. शालू माझ्याजवळून उठली नाही.